ऑर्विलचा कोपरा

पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडायला शाळेच्या व्यायामशाळेत जमलेले गावकरी, मत म्हणून आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात उभे राहिले होते. ऑर्विल मात्र मधोमध चुळबुळत होता. पुन्हा उमेदवारी मागणाऱ्या राष्ट्राध्यक्षांनी रशियाला धान्य विकणं थांबवलं होतं आणि त्याच्या मक्याचा भाव कोसळला होता.

"दाजी, अजून त्या राष्ट्राध्यक्षाच्याच कोपऱ्याकडे बघताय? तुमचा मका काय तो एकटा खाणार आहे?" समोरच्या कोपऱ्यातून मेहुणा डेल ओरडला. लोक खदाखदा हसले.

"अहो, या ना इकडे!" डेलशेजारी उभी असलेली ऑर्विलची बायको लव्हॉन म्हणाली.

ऑर्विल तिच्या दिशेने निघाला आणि थबकला.

"रशियाने अफगाणिस्तानात रणगाडे घुसवले, तेव्हा धडा शिकवा म्हणून आपणच बोंबललो ना? आता झळ माझ्या मक्याला लागली म्हणून पळू?"

तो राष्ट्राध्यक्षांच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. लव्हॉनकडे बघायचा मात्र त्याला धीर होईना.