गुलाबी पाण्याचा निकाल

बसस्थानकाच्या छपराखाली पाय ठेवायला जागा नव्हती. साथ ऐन भरात होती. अंतर राखा अशी सूचना भिंतीवर होती आणि त्याच सूचनेला टेकून लोक एकमेकांच्या खांद्यांवरून पुढे बघत होते. पुढे टेबल, टेबलावर गुलाबी पाण्याचे पेले, आणि त्यामागे श्वासबाबा.

"श्वास खोटं बोलत नाही," तो सांगत होता. "आत रोग असेल तर पाणी गुलाबीच राहील. आत निर्मळ, तर पाणी निर्मळ. मग खुशाल गाडीत बसा, केसही वाकडा होणार नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

माणूस काचेच्या नळीने पाण्यात फुंकायचा. हळूहळू गुलाबी रंग फिका होऊन नाहीसा व्हायचा. टाळ्या पडायच्या. एखाद्याचा रंग रेंगाळला, तर बाबा म्हणायचा, "मनात शंका आहे. फुंकून टाका ती." तो आणखी फुंकायचा. शंका जायची. मग बाबा तीच नळी फडक्याने पुसून पुढच्याच्या हातात द्यायचा.

रांगेत माझी ताई होती. शेजारी बॅग धरून भावजी.

ताईला दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवलेलं आहे. शरीराने ते परकं म्हणून नाकारू नये यासाठी ती रोज गोळ्या घेते, आणि त्याच गोळ्या तिची रोगाशी लढण्याची ताकद कमी करतात. पण दूरच्या गावी तिची लेक बाळंत झाली होती. जायचं की नाही, यावर घरात आठवडाभर धुसफूस चालली होती.

"आलीस का?" भावजी म्हणाले. "आता बाबाच सांगतील. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतेस म्हणून सगळं तुलाच कळतं असं नाही."

ताईच्या पुढच्या माणसाचे डोळे लाल होते. फुंकता फुंकता त्याला खोकल्याची उबळ आली, त्याने टेबल धरलं, पुन्हा फुंकलं. पाणी स्वच्छ झालं. टाळ्या पडल्या. बाबाने नळी पुसून ताईपुढे धरली.

"थांब," मी तिचा हात धरला. "तुझ्याआधी एकाला फुंकू दे."

शेजारच्या टपरीवरून मी सोड्याची बाटली घेतली, उघडली आणि एका पेल्यात ओतली. रंग क्षणात गेला.

"बाबा, हिचा निकाल सांगा."

"निर्मळ आहे," टपरीवाला मागून म्हणाला. "बसवा गाडीत. खिडकीची जागा द्या."

दोनचार जण हसले. तेवढ्यात मी सांगून टाकलं. पाण्यात किंचित आम्लारी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ आहे, आणि त्यात गुलाबी होणारं, प्रयोगशाळेत वापरतात ते एक रसायन. आपल्या उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो. तो पाण्यात विरघळला की आम्ल तयार होतं, आम्लारीचा जोर संपतो, रंग जातो. सोड्यात तोच वायू दाबून भरलेला असतो.

"धडधाकट माणूस फुंको की तापाने फणफणलेला, रंग जाणारच," मी म्हटलं. "हे पाणी एवढंच सांगतं, की माणूस जिवंत आहे."

"बाईंनी पाणी बाटवलं," बाबा शांतपणे म्हणाला आणि नवा पेला भरू लागला.

रांग हलली नाही. मागची एक बाई मला म्हणाली, "आमचं जायचं ठरलंय हो. आता कशाला मोडता घालता?"

ताई मात्र रांगेतून बाहेर आली. "मग तूच सांग," ती म्हणाली, "जाऊ की नको?" बाबाला विचारलं असतं त्याच सुरात.

"माझ्याकडे पेला नाही, ताई. गोळ्या बंद करता येतील?"

"नाही."

"गाडीच्या काचा उघडतात?"

तिने गाडीकडे पाहिलं. लाल डोळ्यांचा माणूस पायरी चढत होता. "नाही."

"तिथे ताप आला तर तुला कोण बघणार?"

"माझे डॉक्टर इथेच आहेत."

"आणि तू गेली नाहीस तर लेकीचं अडेल?"

"सासू आहे तिची, चांगली आहे. अडणार नाही. रुसेल."

"आई असून आली नाही म्हणतील," भावजी म्हणाले.

ताईने त्यांच्या हातातली बॅग घेतली आणि घराच्या दिशेने चालू लागली. भावजींनी तिकिटं चुरगळून खिशात टाकली.

ताईला काही झालं नाही, आणि तिची पंचाईत तीच आहे. लेक फोनवर म्हणते, "आली असतीस तरी काही झालं नसतं." कदाचित नसतंही झालं. ते ऐकून भावजी माझ्याकडे बघतात. टळलेल्या आजाराने कुठल्या पाण्याचा रंग बदलत नाही, त्याला टाळ्या पडत नाहीत. श्वासबाबाने आता रेल्वे स्थानकावर टेबल मांडलंय म्हणे, आणि रांग तिथेही आहे.

प्रवासाला निघण्याआधी पेल्याला विचारू नका. माझं शरीर कसं आहे, गाडी कशी आहे, तिथे उपचार मिळतील का, आणि न गेल्याने नेमकं काय अडतं, हे स्वतःला विचारा. उत्तर आवडेलच असं नाही. पण ते फुंकून जात नाही.