डाव्या केसिंगवरचा नंबर

सोमवारी सकाळी येसाजी आबा बिरवाडीच्या नाक्यावर एस.टी.तून उतरले तेव्हा त्यांच्या खांद्याला पिशवी होती, पिशवीत जुन्या धोतरात गुंडाळलेली एक जड वस्तू होती आणि मुद्रेवर असे काही समाधान विलसत होते की ते पाहताच समोर चहा पीत उभा असलेला मिस्त्री अश्वजित सावध झाला. चौदा महिन्यांच्या अनुभवाने तो एवढे निश्चित शिकला होता की आबा प्रसन्न दिसले म्हणजे कुठेतरी काहीतरी बिघडलेले असते.

अश्वजितची कार्यशाळा बिरवाडीच्या एका टोकाला, पत्र्याच्या लांब शेडमध्ये होती. बावीस वर्षे कारखान्याच्या देखभाल विभागात फिटर म्हणून घालवल्यावर त्याने नोकरी सोडली आणि केवळ जुन्या मोटारसायकलींच्या जीर्णोद्धाराचे काम पत्करले. त्याचा एकच दंडक होता. गाडीत मूळचे जे शिल्लक आहे त्याला धक्का लावायचा नाही, आणि जे कुठेच मिळत नाही तेवढेच नव्याने घडवायचे. एका दिव्याच्या कड्यासाठी तो तीन महिने पत्रव्यवहार करी. गिऱ्हाइके कुरकुरत, पण गाडी घेऊन जाताना नमस्कार करून जात.

आबांची गाडी जावा होती. पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या त्यांच्या गावात १९७१ साली आलेले ते पहिले यांत्रिक वाहन. शेवटची वीस-पंचवीस वर्षे ती गोठ्यात पेंढ्याखाली निजून होती. वयाच्या शहात्तराव्या वर्षी आबांना तिच्यावर बसून पुन्हा एकदा पोलादपूरच्या बाजारात जायचे होते. त्यासाठी ती नुसती चालू होऊन भागणार नव्हते. तिची नोंदणी नव्याने व्हायला हवी होती, आणि त्या तपासणीचे शिबिर गुरुवारी महाडला होते.

गाडी कार्यशाळेत आली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून आबाही येऊ लागले. "नुसतं बसून राहायला मी काय पावना हाय?" असे म्हणत त्यांनी स्वतःला कामाला लावून घेतले होते. त्यांनी निरनिराळ्या गाड्यांचे नट एका ताटात आकारवार लावून ठेवले. नव्याने बसवलेले ब्रेक शू करकरतात म्हणून त्यांना तेल पाजले. वयाने वडील माणूस, हेतू निर्मळ. रागवायचे तरी कसे? अश्वजित ब्रेक पुन्हा उघडी.

आबांनी पिशवी टेबलावर ठेवली आणि धोतराचे पदर एकेक करून उलगडले. आतून इंजिनाचे डाव्या अंगाचे ॲल्युमिनियमचे कवच निघाले. कार्यशाळेत सगळे त्याला केसिंग म्हणत.

"हे कधी नेलंत तुम्ही?" अश्वजितने विचारले.

"शुक्रवारी. तू बेअरिंग आणायला पुण्याला गेला होतास नं, तवा. म्हटलं, मिस्त्रीच्या डोक्यावरचं एक काम कमी करू. बघ तरी!"

अश्वजितने पाहिले. केसिंगमध्ये त्याला स्वतःचे तोंड दिसले. आबांच्या गावात शिमग्याच्या आधी पालखीचा कळस आणि देवाचे पितळी मुखवटे उजळण्याचा मान त्यांच्या घराण्याकडे होता. साठ वर्षे ती सेवा केलेले हात होते ते. चिंच, राख आणि शेवटी पॉलिश पेपर अशा क्रमाने त्या हातांनी केसिंगची यथासांग सेवा केली होती. मागल्या कडेजवळच्या एका सपाट जागेवरून अश्वजितने अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. मग ते खिडकीशी नेऊन तिरपे धरले.

"आबा, इथं नंबर होता."

"कसला नंबर?"

"इंजिनचा. कंपनीनं ठोकलेला."

"ते होय? अरे, ओरखडे होते ते. वाकडे-तिकडे. लय चिवट! तीन दिवस जीव खाल्लानी माझा. पण सोडले नायत मी, गेले बघ समदे."

अश्वजितने केसिंग टेबलावर ठेवले. शेडबाहेरच्या नळावर जाऊन तोंडावर पाणी मारले आणि परत आला. केसिंग होते तसेच चकाकत होते.

"आबा, नोंदणीच्या कागदावर दोन नंबर असतात. एक सांगाड्याचा, तो हँडलच्या मुळाशी आहे. दुसरा इंजिनचा. दोन्ही जुळले तरच गाडी तुमची. इंजिनचा नंबर नसेल तर ही गाडी रस्त्यावर येणार नाही. चौदा महिने मी काय केलं, ते सगळं इथंच शोभेला उभं राहील."

आबांचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. "मग ठोक की!" ते म्हणाले. "तुझ्याकडे आकड्यांचे पंच हायत, मी बघितलेत. कागदावर नंबर हाय. बघून ठोक. कोण येतंय बघायला?"

"तो खोटा नंबर होईल."

"खोटा कसा? तोच आकडा, तीच गाडी, मालक पण मीच. यात खोटं काय ते सांग मला!"

या प्रश्नाला सोपे उत्तर नव्हते, आणि आबांना उत्तर सोपेच लागे. तो दिवस त्याच एका प्रश्नात गेला. आबा चहा पिताना विचारीत, चहा पिऊन झाल्यावर विचारीत, अश्वजित गाडीखाली आडवा असताना वाकून विचारीत. सायंकाळी राजश्री आली. अश्वजितची पत्नी महाडच्या कोर्टात लिपिक होती आणि घरी जाताना रोज शेडवर डोकावत असे. हकिकत ऐकून ती आधी पोट धरून हसली.

"आबा," हसू ओसरल्यावर ती म्हणाली, "नंबर खोडून पुन्हा ठोकलेल्या गाड्या आमच्या आवारात गंजत पडल्यात. प्रत्येकाचा मालक शपथेवर सांगतो, गाडी चोरीची नाही."

"पण ही खरंच चोरीची नाय गो!"

"तेच सांगतात सगळे."

आबा अश्वजितकडे वळून म्हणाले, "तरी पण तू ठोकून तर बघ."

मंगळवारी, आबा जेवायला बसले असताना, अश्वजितने खरोखरच पंचांची पेटी उघडली. आकड्यांची उंची जुन्या कंपनीच्या ठशांशी नेमकी जुळत होती. एका टाकाऊ तुकड्यावर त्याने सहाही आकडे ठोकून पाहिले. ते इतके निर्दोष उमटले की कोणत्याही अधिकाऱ्याला शंका आली नसती. त्या निर्दोषपणानेच त्याचे मन विटले. मूळचा एक खिळा सापडावा म्हणून ज्याने गावोगाव धूळ तुडवली, त्याच्याच हाताने त्या गाडीच्या काळजावर असत्य कोरले जाणार होते. आणि ते असत्य आहे हे जगात त्याला एकट्यालाच सलत राहिले असते.

"झक्क उठलाय की!" मागून आबांचा आवाज आला.

अश्वजितने तो तुकडा भंगारात फेकला, पेटीला कुलूप घातले आणि किल्ली खिशात टाकली. त्याला आबांचा राग आला होता आणि त्याहून अधिक स्वतःचा.

"आता मी सांगतो ते नीट ऐका," तो म्हणाला. "ठोकलेल्या आकड्याखाली धातू दबलेला असतो. वरून घासलं तरी खालचा दाब राहतो. त्यावर कॉस्टिक सोड्याचं पाणी लावलं तर दबलेली जागा वेगळा रंग धरते, आकडा उठून दिसतो. कारखान्यात मी हे पाहिलं आहे."

"मग लाव! थांबलास कशाला?"

"कारण कॉस्टिक दर वेळी थोडा धातू खातं. इथं लावून उठला, तर तिथं दाखवायला उरेलच असं नाही. ते गुरुवारी तपासणीच्या साहेबांसमोरच लावायचं. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं पाहिजे."

"आणि नाय उठला तर?"

"तर नंबर नाही अशी सरकारी नोंद होईल आणि गाडी बहुधा जप्त होईल."

आबा स्टूल ओढून समोर बसले. "म्हणजे गुपचूप ठोकलं तर गाडी मिळते, आणि खरं सांगायला गेलो तर जाते. तू शिकलेला माणूस ना रे? ही कसली अक्कल तुझी?"

"तुम्ही तो नंबर घासला नसता तर माझी अक्कल लागलीच नसती!" अश्वजितच्या तोंडून निघून गेले.

बुधवारी आबा आले. पण दिवसभर एक अक्षर बोलले नाहीत. भिंतीकडे तोंड करून बसून राहिले. त्या निःशब्द दिवशी अश्वजितने अख्खे इंजिन जोडून सांगाड्यात बसवले आणि संध्याकाळी गाडी सुरू केली. पहिल्याच लाथेला तिने हाक दिली. दोन्ही नळ्यांतून निळसर धूर निघाला आणि तो ओळखीचा, भरगच्च ताल शेडमध्ये घुमू लागला. आबांनी मान वळवली नाही. त्यांचे खांदे मात्र हलत होते.

गुरुवारी टेम्पोतून जावा महाडला नेली. मैदानावर रिक्षा, टेम्पो आणि मोटारसायकली रांगेने उभ्या होत्या. तपासणीला नीला मॅडम म्हणून एक तरुण अधिकारी होत्या. दिवा, भोंगा, ब्रेक पाहताना त्यांची मुद्रा खुलत गेली. सांगाड्याचा नंबर जुळला. मग त्या इंजिनाशी वाकल्या.

"मॅडम, तिथं नंबर नाही," अश्वजित म्हणाला. "घासला गेला आहे."

त्यांनी हातातली फाइल मिटली. "मग गाडी आणलीत कशाला?"

अश्वजितने सारे सांगितले. काही लपवले नाही, काही सावरलेही नाही. रांगेतल्या रिक्षावाल्यांनी भोंगे वाजवायला आरंभ केला होता. मॅडमनी एकदा उन्हाकडे पाहिले, एकदा रांगेकडे आणि एकदा धोतर सावरीत उभ्या असलेल्या आबांकडे.

"दहा मिनिटं देते," त्या म्हणाल्या. "त्यात काही दिसलं नाही तर मला पंचनामा करावा लागेल."

अश्वजितने हातमोजे चढवले आणि काडीला कापूस गुंडाळून कॉस्टिकचा पहिला हात दिला. बुडबुडे आले, पृष्ठभाग काळवंडला. पुसले. काही नव्हते. दुसरा हात. पुन्हा काळेपणा, पुन्हा काही नाही. आबा त्याच्या खांद्यावरून वाकून पाहत होते.

"काळं पडलंय रे! थांब, मी जरा पुसतो..."

"आबा! हात मागे!"

वडील माणसाशी अश्वजित आयुष्यात त्या आवाजात बोलला नव्हता. आबा दोन पावले मागे सरले. तिसरा हात अश्वजितने अगदी हलका दिला. या वेळी पुसल्यावर त्याने बरोबर आणलेला आरसा तिरपा धरून ऊन त्या जागेवर टाकले, आणि राखाडी धातूत, पाण्याखालच्या रेषा दिसाव्यात तसे, एकामागून एक आकडे वर आले. तिसरा तेवढा धूसर राहिला.

नीला मॅडम धुळीत गुडघा टेकून बसल्या. फोनवर छायाचित्रे घेतली. "पाच स्पष्ट आहेत," त्या म्हणाल्या. "हा तिसरा... इंग्रजी तीन आहे की आठ?"

"आठ!" आबा छातीठोकपणे म्हणाले. "आठच हाय, मॅडम. मी घासताना बघितलाय."

अश्वजितने डोळे मिटून घेतले. "कागदावर तीन आहे, आबा."

"असं? मग तीन असंल."

मॅडमनी तोंड फिरवून घेतले. त्या हसल्या की काय ते कळायला मार्ग नव्हता. मग त्यांनी भिंगातून पुन्हा निरखून पाहिले आणि म्हणाल्या, "डावी बाजू उघडी आहे. तीनच. नंबर मूळचा आहे अशी मी नोंद करते. पुढच्या महिन्याच्या शिबिरात तो खात्यातर्फे शेजारी पुन्हा ठोकला जाईल आणि मग नोंदणी होईल. नंबर कसा गेला याचा जबाब लागेल. लेखी."

अश्वजितने कागद पुढे ओढला. 'माझ्या कार्यशाळेत काम चालू असताना' एवढे तो लिहितो न लिहितो तोच आबांनी त्याच्या हातातले पेन काढून घेतले. गाडीच्या सीटवर नवा कागद ठेवून, शाळेतल्या पोरासारखी जीभ दातांत धरून, त्यांनी एकेक अक्षर वळवले. रांगेतले भोंगे वाजत राहिले. शेवटी त्यांनी कागद मॅडमकडे दिला. मॅडमनी तो वाचला आणि अश्वजितच्या हाती ठेवला.

'नंबर मी घासला. देवाचे मुखवटे घासतो तसा. मिस्त्री पुण्याला होता. नंतर मी त्याला खोटा नंबर ठोक असे सहा वेळा सांगितले. त्याने ठोकला नाही. चूक माझी आहे. त्याच्यावर काही घालू नये.'

अश्वजितने ते दोनदा वाचले. गेले चार दिवस मनाशी जुळवून ठेवलेले कितीतरी शब्द त्याला आता आठवेनात.

"आजोबा, खोटा नंबर ठोकायला सांगितलं हे लिहायलाच हवं होतं का?" मॅडमनी विचारले.

"सरकारी कागद हाय. अर्धंच खरं कसं लिवणार?"

"सहा वेळा नाही," अश्वजित हलकेच म्हणाला. "अकरा वेळा. मी मोजत होतो."

"मग तू लिहायचंस. मला सहाच आठवतात."

मॅडमनी जबाबावर शिक्का मारला आणि शेवटची ताकीद दिली. पुढच्या शिबिरापर्यंत गाडी कार्यशाळेतच राहील आणि त्या इंजिनाला कोणाचाही हात लागता कामा नये.

अश्वजित टेम्पोत गाडी चढवून दोर आवळीत असताना आबा शेजारी उभे होते. "महिनाभर कुणाचा हात लागायला नको," ते विचारपूर्वक म्हणाले. "म्हणजे राखणीला माणूस पायजे."

"नको, आबा. मी कुलूप लावीन."

"कुलपाचं काय सांगतोस! तू सारखा पुण्याला जातोस. मी बसेन शेडवर. बोलणार नाय, हात लावणार नाय. नुसता बसेन." आबांनी दोराची गाठ ओढून पाहिली, ती सैल आहे असे ठरवले, आणि अश्वजितने नुकतीच घट्ट मारलेली ती गाठ सोडायला घेतली. "उद्या शुक्रवार. उघडं असतं नं?"

अश्वजितला नाही म्हणायचे होते. त्याने सुटलेला दोर हातात घेतला, गाठ नव्याने मारली आणि म्हणाला, "असतं. साडेनवाला या."