मोकळा डबा

मंगळवारी सकाळी साडेदहाला ऑफिसच्या उत्तरेकडच्या भिंतीत वाघजाईवाडीच्या दूध संकलन केंद्राचं दार उघडलं आणि ते उघडंच राहिलं. दारात माझी आई उभी होती. ऑफिस कोल्हापुरात, वाघजाईवाडी तिथून त्र्याऐंशी किलोमीटर. मला आश्चर्य वाटलं नाही, कारण दार उघडं ठेवायला मीच सांगितलं होतं.

आमच्या दूध संघाची अडतीस केंद्रं आहेत. प्रत्येक केंद्रात एक राउटर असतो, म्हणजे तिथला वजनकाटा आणि आमचं ऑफिस यांना जोडणारी पेटी. आई वाघजाईवाडीचं केंद्र चालवते. तिने राउटरवर विणलेला रुमाल घातला आहे, आणि खंडेनवमीला ती त्याला हळदकुंकू वाहते. या पेट्यांची देखभाल माझ्याकडे आहे. पण मी स्वतः जात नाही, माझा प्रोग्राम जातो. त्याला मी गडी म्हणतो. गडी दार वाजवायचा, नाव सांगायचा, पासवर्ड द्यायचा, एक काम करायचा आणि दार लावून परत यायचा. दुसरं काम असलं की पुन्हा दार वाजवायचा. जेवायला आलेल्या पाहुण्याने एकेका घासासाठी उंबरा ओलांडावा, तसला प्रकार.

म्हणून सोमवारी मी त्याला लिहून दिलं की एकदा दार उघडलं की उघडं ठेव. तीस सेकंद काही आत-बाहेर झालं नाही, तरच लाव. आधी एकाच केंद्रावर करून बघायचं ठरवलं. प्रयोग घरच्या माणसावर करावा, बिघडलं तर शिव्याही घरच्याच खाव्या लागतात.

"जेवलास का?" आईने विचारलं.

"अजून साडेदहाच वाजलेत."

"बरं, ठेवते," ती म्हणाली आणि हाताकडे बघू लागली. हातात फोन नव्हता. मग ती हसली.

माझे वडील, अण्णा, गेल्यापासून सहा वर्षांत आई फोनवर माझ्याशी कधी वीस सेकंदांच्या वर बोललेली नाही. जेवलास का, तब्येत बरी ना, बरं ठेवते. मी मोजलं आहे. आता ती दारात उभी होती आणि मला काय बोलावं ते सुचत नव्हतं. अठ्ठाविसाव्या सेकंदाला बिजागरी कुरकुरली, दार हलायला लागलं. आईने घाईघाईने स्टीलचा डबा पुढे केला.

"धर. शेंगदाण्याची चटणी हाय."

दार थांबलं. मला इतका आनंद झाला की मी डबा छातीशी धरून उभा राहिलो.

शेजारच्या टेबलावरच्या नसीम मुल्लाने चटणी ताटलीत काढली, डबा धुतला, पुसला आणि त्यात आपल्या घरच्या चार नानखटाया घातल्या. "काकूंना रिकामा डबा कसा द्यायचा?" ती म्हणाली. आईने नानखटाया काढून घेतल्या आणि डब्यात भाजणीचं थालीपीठ घालून पाठवलं. मी थालीपीठ खाऊन त्यात केळी घातली. दार हललंही नाही.

प्रयोग यशस्वी झाला होता. बारा वाजता मी गड्याला उरलेल्या सदतीस केंद्रांवर पाठवलं.

दारं एकामागून एक उघडली. प्रत्येक दारातून वारा आला, म्हशींचा वास आला आणि एक डबा आला. कुठून खर्डा, कुठून दही, कुठून गरम शिरा. आम्ही खात होतो, धूत होतो, भरून देत होतो. प्रत्येक उघडं दार खोलीतून वीतभर जागा घेत होतं, हे नसीमच्या पहिल्यांदा लक्षात आलं. तिची खुर्ची माझ्या खुर्चीला टेकली होती. खोली तीस फुटांची. अडतीस विती गेल्यावर जेमतेम दीड फूट उरली, आणि त्यापुढे डबा एक फेरी करून आला की आणखी केसभर कमी होत होती.

आमचे चिवटे साहेब आडवे होऊन आत आले. "पाचच्या आत दारं लागली पाहिजेत," ते म्हणाले. "भिंत उरली नाही तर छप्पर टेकायचं कशावर?"

"साहेब, तीस सेकंद काही गेलं-आलं नाही तर लागतील."

"मग कुणाचा तरी डबा रिकामा द्या. त्यांनी परत भरायचा प्रश्नच येणार नाही."

अडतीस दारं एकाच गड्याच्या हातात होती. एक लागलं की सगळी लागणार होती. फक्त एक रिकामा डबा द्यायचा होता, पण ते कुणालाच जमेना. शेवटी साहेबांनी स्वतः भैरेवाडीचा डबा घेतला, आपल्याच रुमालाने कोरडा केला आणि दारापर्यंत नेला. तिथे त्यांनी खिशातून खडीसाखरेची पुडी काढली आणि हळूच आत टाकली.

"साहेब, हे काय?"

"अरे, बाई बघत होती," साहेब म्हणाले आणि घाम पुसू लागले.

मग साहेब आणि नसीम दोघंही माझ्याकडे बघायला लागले. "तुझी तर आईच आहे," साहेब म्हणाले. "घरच्या माणसाला कसलं वाईट वाटायचं?"

तोवर आईने दारात पाट मांडला होता आणि ती बोलत होती. दुपारपासून बोलत होती. अण्णा धार काढताना म्हशीला गावातल्या बातम्या सांगायचे, आणि सांगितल्या नाहीत तर ती पान्हा चोरायची. मला लहानपणी सायीसकट दूध लागायचं आणि साय दिसली नाही की मी जमिनीवर लोळायचो. हे सगळं मला नवीन होतं.

"फोनवर का नाही सांगितलंस कधी?" मी विचारलं.

"फोनवर तुझा आवाज आला की वाटतं, पोराचं काम खोळंबलं," ती म्हणाली. "म्हणून ठेवते. ठिवू वाटतंय व्हय मला?"

मी पाण्याचा पेला शोधू लागलो. नसीमने पाणी दिलं. ती आता इतकी जवळ होती की पेला द्यायला तिला हात लांब करावा लागला नाही.

पावणेपाचला ऑफिसातलं खाणं संपलं. नानखटाया, केळी, साहेबांची खडीसाखर, चहाची साखर, सगळं दारांतून गेलं होतं. भिंती दिसेनाशा झाल्या आणि जे उरलं ते डब्यासारखं गोल होतं, गार होतं, चकचकीत होतं. चार अठ्ठावन्नला आईचा डबा माझ्या हातात आला. धुतलेला, पुसलेला, रिकामा.

"दे," साहेब म्हणाले. त्यांचा गुडघा माझ्या बरगडीत होता.

मी डब्यात पाहिलं. तळाशी माझा चेहरा दिसत होता. हा असाच दिला की पुन्हा जेवलास का, तब्येत बरी ना, बरं ठेवते. रोजचे वीस सेकंद. मला ते नको होतं आणि मी तसं मोठ्याने म्हणालो.

"मग त्यात घालायला आहे काय आपल्याकडे?" नसीमने विचारलं.

मी डबा खाली ठेवला. खोलीत जे उरलं होतं ते त्यात अलगद मावलं. माझं टेबल, ट्यूबलाइट, साहेब, नसीम आणि मी. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

"झाकण नीट लाव," साहेब म्हणाले. "सांडायला नको."

नसीमने आतून झाकण ओढून घेतलं. डबा हलला, म्हणजे आम्ही उचलले गेलो.

"जड हाय गं," आईचा आवाज आला. ती कुणाला तरी सांगत होती. "काय घातलंय पोरानं, कुणास ठाऊक."

पावलं वाजली. म्हशीच्या गळ्यातली घंटा अगदी जवळून गेली. मग झाकणाच्या कडेने उजेडाची बारीक रेघ आली, रुंद झाली, आणि वर आभाळ असतं तिथे आईचा चेहरा आला, चष्म्यासकट.

"जेवलास का?"

"नाही," मी खालून ओरडलो.

मी मनात मोजायला लागलो. अठरा, एकोणीस, वीस. आई अजून बघतच होती. मग तिने पदर खोचला आणि दोन बोटं आत घातली.