एकटीची जोडीदारीण

आमच्या घरात माणसं तीन आणि बायका तीसेक. म्हणजे बाबा, आत्या, मी, आणि काचेच्या कपाटातल्या आत्याच्या चिनी मातीच्या बायका. त्यांना बाहुल्या म्हटलेलं आत्याला खपत नाही. "बाहुल्यांशी पोरं खेळतात," ती म्हणते. "यांच्याशी कोण खेळतंय?" यावर बाबा माझ्याकडे बघतात आणि मी खिडकीकडे बघते.

आत्या बाबांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. का, असं विचारलं तर म्हणते, "राहून गेलं," जसं काही दूध आणायचं राहून गेलं असावं. ती दात बनवते. दंतवैद्य तोंडाचे साचे पाठवतात आणि आमच्या मागच्या खोलीत, थरावर थर देत, छोट्याशा भट्टीत भाजून, पोर्सेलीनचा एकेक दात तयार होतो. त्यामुळे जुन्या चिनी बायकांची मोडकी करंगळी ती अशी बसवते की भिंग लावूनही सांधा सापडत नाही. पण ती विकत नाही, त्यामुळे कोणाची फसवणूक होत नाही. फार तर बाबांची सुटका होते, कारण करंगळी कोणी मोडली हे पुढे कोणाला सिद्ध करता येत नाही.

जुन्या वस्तूंच्या बाजारात तिच्याबरोबर जायला मात्र धैर्य लागतं. ती मूर्ती उलटी करते, बुडाची बिनचकाकीची कडा निरखते आणि चक्क जीभ लावते. नीट भाजलेलं पोर्सेलीन पाणी शोषत नाही, म्हणून जिभेला चिकटत नाही. प्लास्टर किंवा कच्ची माती चिकटते. कारण बरोबर आहे. मी रसायनशास्त्र शिकले आहे आणि घरी चार वस्तूंवर करून पाहिलंय. तरी भर बाजारात आत्या एखाद्या बाईच्या झग्याखाली जीभ लावायला लागली की बाबा शेजारच्या दुकानातली कुलपं फार बारकाईने बघू लागतात.

या तीसेक बायकांतली आत्याची खरी लाडकी म्हणजे एकटी. वीतभर उंच, फिक्या हिरव्या झग्यातली, डाव्या हातात कमळाची कळी आणि मान कळीकडे कललेली. अशा बायका जोडीने घडवत. दुसरीच्या उजव्या हातात कळी, मान उजवीकडे. शेजारी ठेवल्या की दोघी एकमेकींकडे बघतात. हातमोज्यांसारखंच आहे हे: डावा मोजा कितीही फिरवा, उजवा होत नाही. आत्याला मिळाली तेव्हाच ही जोडीतून फुटलेली होती. तेव्हापासून कपाटाच्या मधल्या फळीवर तिच्या शेजारी एक जागा रिकामी आहे. तिथे काहीही ठेवायचं नाही. बाबांनी एकदा टीव्हीचा रिमोट ठेवला, तर दोन दिवस आत्या त्यांच्याशी माझ्यामार्फत बोलत होती.

"अगं ताई, ती बाई एकटी सुखात असेल," बाबा म्हणतात. "तू आहेसच की."

"मला कोणी जोडीने घडवलं नव्हतं," आत्या म्हणते.

तर मागच्या वर्षी आत्याने संग्राहकांच्या फोनवरच्या गटात एकटीचा फोटो टाकला: हिची जोडीदारीण कोणाकडे आहे का? कोणीतरी तो पुढे पाठवला, त्याने आणखी पुढे, आणि एके दिवशी गावाच्या दुसऱ्या टोकाच्या एका चष्मेवाल्यांचं उत्तर आलं. सोबत फोटो. तोच हिरवा झगा, तीच कळी, आणि मान उलट बाजूला.

आत्याने तो फोटो इतका मोठा करून पाहिला की शेवटी पडद्यावर नुसता हिरवा रंग उरला. मग फोन माझ्या हातात दिला. "शास्त्रज्ञबाई, बघा. कळी कुठल्या हातात?"

"उजव्या."

"नक्की?"

"नक्की. फक्त कडेला एक पुसट दुसरी कड दिसते आहे. इथे, नाकाशी."

"तडा?"

"नाही. फोटो काढताना हात हलला असेल," मी ठामपणे सांगितलं.

पुढचे कितीतरी आठवडे वाटाघाटी चालल्या. चष्मेवाले काही संग्राहक नव्हते. त्यांच्याकडे ही एकच बाई, वडिलांच्या काळापासून दुकानात असलेली. पैसे त्यांना नको होते. त्यांना बदल्यात दुसरी बाई हवी होती. आत्याने चार-पाच फोटो पाठवले, त्यांतून त्यांनी नेमकी पांढरी निवडली: नखशिखांत दुधी पांढरी, हात जोडलेली, शांत चेहऱ्याची. आत्याच्या संग्रहातली सगळ्यात जुनी. बाबा म्हणाले, "माणसाला नजर आहे." आत्या म्हणाली, "चष्मा असेल."

आत्या पांढरी द्यायला तयार झाली. पण त्या रात्री जेवली कमी. म्हणजे तिला एकटीची जोड किती हवी होती, ते आम्हाला कळलं. फोन मात्र रोज व्हायचे. बाईची उंची विचारायला एक, बुडाला भोक आहे का ते विचारायला दुसरा, आणि मग भोकाबद्दल आधी नीट सांगता आलं नाही म्हणून तिसरा.

"आज काय मोजलं?" बाबा विचारायचे.

"तुझी अक्कल. मापात बसली नाही."

शनिवारी दुपारी आम्ही दोघी निघालो. पांढरी द्यायला, आणि एकटीशी जोड जुळते का ते पडताळून पाहायला. दोघींना कापसात गुंडाळून, दातांचे साचे पाठवायच्या खोक्यांत घालून आत्याने माझ्या मांडीवर ठेवलं. बसमध्ये शेजारच्या बाईंनी विचारलं, "काय आहे हो यात?" आत्या म्हणाली, "बायका." त्या पुढच्या थांब्याला उतरल्या.

चष्म्याचं दुकान लांबट आणि अरुंद होतं. दार आखूड भिंतीत. आत गेलं की एका अंगाला काउंटर, त्यामागे खुर्चीत चष्मेवाले काका: पांढरे केस, स्वतःचा चष्मा कपाळावर. काउंटरच्या समोरच्या भिंतीवर फ्रेम घालून बघायला एक उंच, अरुंद आरसा आणि त्याच्या बाजूला फ्रेमांच्या फळ्या. बाई काउंटरवर उभी होती, गिऱ्हाइकाकडे तोंड करून.

आत्या तिच्यासमोर जाऊन थांबली. मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. कळी डाव्या हातात होती. मान डावीकडे.

"या, या मॅडम," काका उठले. "प्रवास ठीक झाला ना?"

"ही ती नाही," आत्या म्हणाली.

"अहो, हीच ती. दुसरी आहे कुठे माझ्याकडे?"

"फोटोतली कळी उजव्या हातात होती."

"मग? उजव्याच हातात आहे." काकांनी बोट दाखवलं. पण बाईकडे नाही, आमच्या डोक्यावरून, समोरच्या भिंतीकडे. "ती बघा."

आम्ही मागे वळलो. समोर आरसा होता.

मला फोटोतली ती पुसट दुसरी कड आठवली. काचेचा आरसा असला की पुढच्या पृष्ठभागावरूनही थोडं परावर्तन होतं, म्हणून एक फिकट दुसरी प्रतिमा दिसते. हे मी परीक्षेत आकृतीसह लिहिलेलं आहे. गुणही मिळाले होते.

"तुम्ही फोटो आरशातला काढलात?" मी विचारलं.

"मग कुठला काढणार?" काका खरोखर गोंधळले होते. "वडील सांगून गेलेत, बाईचं तोंड गिऱ्हाइकाकडे पाहिजे. मी बसतो इथे. ती माझ्याकडे पाठ करून उभी. तिचा चेहरा मी बघतो तो आरशातच. रोज. मला तर ती तशीच माहिती आहे." त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. "म्हणून तर तुमची पांढरी हवी होती. म्हटलं, एखादी तरी आपल्याकडे तोंड करून उभी राहील."

"चाळीस वर्षं लोकांचे डोळे तपासता तुम्ही!" आत्या म्हणाली.

"लोकांचे तपासतो. माझे माझी सून तपासते."

एरवी आत्या हसली असती. ती स्टुलावर बसली. पर्स मांडीवर घट्ट धरलेली. तिचा चेहरा मी असा एकदाच पाहिला होता, भट्टीतून दहा दात एकदम तडकून निघाले तेव्हा.

"म्हणजे या दोघी एकसारख्याच," ती म्हणाली. "दोन डावे मोजे."

"हो," मी म्हटलं.

काका काउंटरमागून बाहेर आले. बाईला उचलून त्यांनी पहिल्यांदाच समोरून, आरशाशिवाय पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "अरेच्चा," ते म्हणाले. "ही तर कोणी वेगळीच दिसते." आणि घाईघाईने तिला परत जागेवर ठेवलं, ओळख नसलेल्या बाईला चुकून हाक मारल्यासारखं. "मॅडम, माझं चुकलं. पण मी खोटं नाही पाठवलं. इथे बसून बघा एकदा. मी बघतो तिथून."

"बघून काय होणार?"

"काही नाही. माझ्यावर विश्वास बसेल."

आत्या गेली आणि त्यांच्या खुर्चीत बसली. समोर बाईची पाठ, पलीकडे आरसा, आरशात बाईचा चेहरा. आत्या पुढे वाकली. मग मागे टेकली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "एकटीला काढ."

मी खोकं उघडलं.

"आरशाच्या डाव्या बाजूच्या फळीवर ठेव. माझ्या डाव्या. तोंड माझ्याकडे."

काकांनी स्वतः फ्रेमा सरकवून जागा केली. मी एकटीला तिथे ठेवलं आणि बाजूला झाले.

"आणखी आरशाजवळ. कडेला लाव. हां."

मी काउंटरमागे जाऊन तिच्या गालाला गाल लावून पाहिलं. फळीवर एकटी उभी होती, मान कळीकडे कललेली. तिच्या शेजारी, आरशाच्या आत, हिरव्या झग्यातली दुसरी तिच्याकडे बघत उभी होती. कळी उजव्या हातात. जोड पूर्ण होती.

"ती जराशी लहान दिसते," आत्या हळूच म्हणाली.

"प्रतिमा आरशाच्या मागे तितकीच लांब असते, म्हणून," काका आणि मी एकदमच म्हणालो.

"लहान नाही मग. एक पाऊल मागे उभी आहे," आत्या म्हणाली. "अदबीने."

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आत आलं आणि नेमकं काउंटर आणि आरसा यांच्या मधे उभं राहिलं. आरशातली बाई त्या गृहस्थांच्या पोटामागे गेली.

"अहो, बाजूला व्हा," आत्या म्हणाली.

"मला चष्मा..."

"मिळेल चष्मा. आधी बाजूला व्हा."

ते बाजूला झाले. काकांनी त्यांना घाईने एक फ्रेम दिली आणि दुकानाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन उजेडात बसवलं. आत्या बसूनच राहिली. काकांच्याच खुर्चीत.

निघायची वेळ झाली तेव्हा तिने पांढरीचं खोकं माझ्या हातात दिलं. एकटी फळीवरच होती.

"आणि हिला?" मी विचारलं.

"हिला कुठे नेतेस? तिथे गेली की परत एकटी." मग काकांकडे वळून, आवाज कडक करून: "फडक्याने पुसायची नाही. मऊ ब्रश. मी येऊन बघणार आहे."

"कधी?" काकांनी विचारलं. जरा जास्तच लवकर विचारलं.

"शनिवारी. इतर दिवशी मला दात असतात."

घरी बाबांनी खोकं उघडलं. "ही परत? आणि एकटी कुठे आहे?"

"जोडीदारणीकडे राहिली," मी म्हटलं.

"आणि तू, ताई?"

"मी आले ना घरी. डोळे तपासून घे तुझे."

मधल्या फळीवर आता दोन जागा रिकाम्या होत्या. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग धीर करून रिमोट तिथे ठेवला. आत्या बघत होती. काही बोलली नाही.

हे झालं मागच्या उन्हाळ्यात. शनिवारी आत्या मऊ ब्रश पर्समध्ये घालून जाते. सुरुवातीला खुर्ची एकच होती, त्यामुळे जोडी बघायला पाळी लावावी लागायची, आणि ज्याची पाळी नसेल त्याला फक्त पाठमोरी बाई दिसायची. मग काकांनी दुसरी खुर्ची आणली. ती त्यांनी शिष्टाचार सांभाळून हातभर लांब ठेवली. पण आरसा अरुंद आहे. तिथून बघितलं की आरशातली बाई कडेबाहेर जाते.

एका शनिवारी मी टेप घेऊन गेले. आरशाची रुंदी मोजली, काउंटरचं अंतर मोजलं, कागदावर कोन काढले आणि दोघांना निष्कर्ष सांगितला: दोन्ही खुर्च्यांवरून जोडी दिसायची असेल, तर त्या एकमेकींना चिकटवूनच ठेवाव्या लागतील.

"दुसरा काही इलाज नाही?" आत्याने विचारलं.

"रुंद आरसा लावता येईल," मी म्हटलं.

"छे, छे," काका म्हणाले. "वडिलांच्या वेळचा आरसा आहे."

आणि त्यांनी खुर्ची सरकवली.