वेळेवर थांबलेल्या बाईंची खुर्ची

घाबरू नका, मित्रांनो! ‘आ करा’ असे मी आज तुम्हाला सांगणार नाही. आज तोंड उघडण्याची पाळी माझी आहे. मी दातांच्या दवाखान्यातली एक जुनी खुर्ची. मला पाहून लहान मुले भोकाड पसरत. मोठी माणसे तरी कुठे शूर होती? ती फक्त आवाज न करता माझे हात घट्ट धरून बसत.

माझा पाया ओतीव लोखंडाचा, त्यावर हिरव्या रेक्झिनची गादी आणि पोटात तेलाचा पंप. पायाने एक पट्टी दाबत राहिले की मी वर जाते, दुसरी दाबली की हळूच खाली येते. वर-खाली व्हायला मला वीज लागत नाही. डोक्यावर एक दिवा आणि बाजूला हत्यारांची गोल तबकडी, एवढाच माझा साज.

माझे पहिले मालक एक वयस्कर दंतवैद्य होते. सगळे त्यांना ‘सर’ म्हणत. सरांना चित्रे काढण्याची फार हौस. रंगांची एक सुंदर पेटी त्यांनी आणून ठेवली होती. ‘काम थांबवलं की काढीन,’ असे म्हणता म्हणता त्यांची पंचाहत्तरी आली, आणि तोवर हात थरथरू लागले. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या डॉक्टरीणबाईंना त्यांनी मला देऊन टाकले.

“खुर्ची घेऊन जा,” सर म्हणाले. “हिचा पंप अजून ठणठणीत आहे. पण एक ऐक. मला थांबायला उशीर झाला. तू हात शाबूत आहेत तोवर थांब.”

बाईंनी ते शब्द मनावर घेतले. लाकडाची खेळणी कोरणे हा त्यांचा जीव की प्राण छंद होता. त्यांचे यजमान ग्रंथपाल होते, शांत आणि मिश्कील. पन्नाशीला दवाखाना बंद करायचा, असे दोघांनी मिळून ठरवले. अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे सगळेच म्हणतात. या दोघांनी अंथरूण पुरेसे लांब असूनही पाय जरा आखडूनच घेतले. कुठलीही वस्तू घ्यायची वेळ आली की ग्रंथपाल चष्मा वर करून विचारत, “हे आपल्याला हवंय, की दुकानदाराला?” निम्म्या वेळा बाई हसून दुकानाच्या पायरीवरूनच परत फिरत.

पण त्या चिक्कू नव्हत्या हं! औषधे उत्तम, सुया नव्या, आणि माझी शिवण उसवली तर त्याच दिवशी शिवून घेतलेली. दवाखान्यातल्या मावशी मला रोज पुसत. वर्षातून दोनदा मेस्त्री येऊन तेल बदलून जात. माझे दिवस सुखाचे होते.

मग समोरच्या इमारतीत काचेचा चकचकीत दवाखाना उघडला आणि आमची गर्दी ओसरू लागली. एका मुलीच्या आईने तर तोंडावरच सांगितले, “बाई, तुमचा हात हलका आहे, पण ही खुर्ची बघूनच पोरगी दारातून पळते.”

बाईंना ते लागले. थोड्याच दिवसांत एक गोडबोल्या विक्रेता नव्या खुर्चीची चित्रे घेऊन आला. बोलणारी खुर्ची! पडद्यावर बोट ठेवले की हवी तशी वळणारी!

“अहो, पेशंट जायला लागलेत,” बाई यजमानांना म्हणाल्या.

“मग पन्नाशीचं काय?”

“पंचावन्न होतील. काय करणार?”

ग्रंथपालांनी वाद घातला नाही. विक्रेत्याला मात्र त्यांनी विचारले, “नाही जमलं तर परत घ्याल ना?”

“महिनाभरात केव्हाही! पण साहेब, ही खुर्ची परत करणारा अजून जन्माला यायचाय.”

नवी पांढरीशुभ्र खुर्ची आली आणि माझी रवानगी मागच्या खोलीत, खोक्यांच्या शेजारी झाली. मावशी माझ्यावर ओले अ‍ॅप्रन वाळत घालू लागल्या. मित्रांनो, राग नाही आला मला, पण भिंतीपलीकडून बाईंचा आवाज ऐकू आला की पोटातले तेल उगीच जड व्हायचे.

पहिले काही दिवस नवीचे कौतुक झाले. मग तिची थेरं सुरू झाली. सकाळी तिला पासवर्ड लागे, आणि दिलेला पासवर्ड तिला चुकीचा वाटे. इंटरनेट गेले की तिचे अंग आखडे. कधी ऐन कामात ती मंजूळ आवाजात सांगे, “अपडेट सुरू आहे, कृपया वाट पाहा,” आणि बाई हातात हत्यार घेऊन वाट पाहत उभ्या राहत.

एके दिवशी बेकरीवाले काका आले. काका म्हणजे भरभक्कम माणूस. दाढ कोरून अर्धी झाली होती, तोंडात कापसाचे बोळे होते, आणि नवी खुर्ची अचानक मागे कलू लागली. काकांचे डोके खाली, पाय वर! आणि तशीच ती थिजली. पडद्यावर अक्षरे उमटली, ‘आपले खाते ओळखता आले नाही.’

“उं! उं उं!” काका म्हणाले. त्याचा अर्थ सांगायला नको.

बाईंनी कंपनीला फोन लावला. आधी गाणे वाजले, मग एक दाबा, दोन दाबा झाले, आणि शेवटी एक जण म्हणाला, “मॅडम, इंजिनिअर पुढच्या आठवड्यात येईल.”

“आणि तोवर यांना असंच उलटं टांगून ठेवू का?” बाई कडाडल्या. इतक्या वर्षांत त्यांचा असा आवाज मी प्रथमच ऐकला.

अखेर मावशी आणि बाहेर बसलेले दोन पेशंट धावले. सगळ्यांनी काखेत हात घालून काकांना ओढून काढले. लालबुंद झालेल्या काकांनी बोळे थुंकले आणि म्हणाले, “बाई, माझी दाढ उघडी आहे. तुमची ती हिरवी कुठंय?”

मला अ‍ॅप्रनसकट ओढत बाहेर आणले. काका बसले. बाईंनी पट्टीवर पाय ठेवला. किती दिवस मला कोणी हलवले नव्हते. मी मनाशी म्हटले, बये, आता लाज राख! एकदा कुरकुरले, आणि मग एकेक झटका देत वर गेले. बाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्या थापेवर मी आणखी शंभर वर्षे काढीन.

महिना अजून भरला नव्हता. विक्रेत्याने आढेवेढे घेतले, तेव्हा ग्रंथपालांनी त्याचेच शब्द त्याला ऐकवले आणि वर म्हणाले, “तो परत करणारा जन्मला बरं का!” नवी गेली. कंपनीने बरेच पैसे कापून घेतले, तो चटका सोसावा लागला.

पण त्या मुलीच्या आईचे म्हणणे बाई विसरल्या नाहीत. त्यांनी हत्ती, कासव, बदक असे लहान लहान प्राणी कोरले आणि तबकडीशेजारी मांडले. घाबरलेल्या मुलाने एक उचलून हातात धरायचा. रडणे बंद झाले असे नाही, पण मुले आत यायला लागली. समोर गेलेले सगळेच काही परतले नाहीत. जे राहिले, तेवढे पुरेसे होते.

कापले गेलेले पैसे भरून काढायला बाईंना एक वर्ष जास्त काम करावे लागले. पन्नाशीऐवजी एक्कावन्नाव्या वर्षी त्यांनी पाटी उतरवली, आणि मला घरी नेले. आता मी त्यांच्या पडवीत असते. माझ्या दिव्याच्या उजेडात त्या कोरीवकाम करतात, माझ्या तबकडीत त्यांची पटाशी असते.

मित्रांनो, नव्या वस्तूंवर माझा राग नाही. त्यांतली एखादी खरोखर लागतेही. पण घेण्याआधी क्षणभर पायरीवर थांबा, आणि जी घरात आहे तिला वेळच्या वेळी तेलपाणी करा. आमच्यासारख्यांना फार काही लागत नाही. मला सर भेटले, बाई भेटल्या, मेस्त्री भेटले, मावशी भेटल्या. याहून कोणत्या लोखंडाचे नशीब थोर असेल?

घरी आणले त्या दुपारी ग्रंथपाल बाईंना म्हणाले, “अगं, एकदा बस तरी तिच्यावर!” बाई संकोचल्या, मग बसल्या. त्यांनी पाय लांब केले, डोके मागे टेकवले. ग्रंथपालांनी पट्टी दाबत त्यांना अंगणातले झाड दिसेल इतके वर नेले. थोड्या वेळाने बाईंचा डोळा लागला. जन्मभर त्या माझ्या शेजारी उभ्याच होत्या, मित्रांनो. त्या केवढ्या दमल्या होत्या, ते मला त्या दुपारी कळले.