एका टाकीत औरंगाबाद

सकाळी साडेसहाला गाडी औरंगाबादहून निघताना सुखदेव खिडकीशी वाकला, बहिणीला निरोप दिला आणि हळूच नकारार्थी मान हलवली. हेमा काय ते समजली. पेट्रोल टाकायचं राहिलं होतं.

गोष्ट आदल्या दुपारची. लग्नघरातली जेवणं उरकून तिचे यजमान माधवराव आतल्या खोलीत घोरत होते आणि पैठणच्या मामांना आणायला ठरवलेली जीप ऐन वेळी आलीच नव्हती. सुखदेव म्हणजे हेमाचा धाकटा भाऊ, नवरीचा बाप. त्याचा रडवेला चेहरा पाहून हेमाने नवऱ्याच्या पँटच्या खिशातून गाडीची किल्ली काढली आणि त्याच्या हातावर ठेवली. पैठण म्हणजे जाऊन-येऊन शंभर किलोमीटर. परत आल्यावर सुखदेव तिला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "ताई, दाजींना पत्ता लागत नाही. मीटरची केबल काढून गाडी चालवली, आता परत बसवली. पेट्रोल तेवढं संध्याकाळी टाकून ठेवतो." भाड्याच्या गाडीचे ड्रायव्हर मालकाच्या डोळ्यांत धूळ फेकायला हेच करतात. चाकं फिरतात, आकडे हलत नाहीत. पण वरातीच्या संध्याकाळी नवरीच्या बापाला पेट्रोल कुठून आठवणार?

दुसऱ्या कुणाच्या गाडीत हे सहज खपलं असतं. माधवरावांनी मात्र खडकीच्या कारखान्यात तपासणी खात्यात तीस वर्षं काढली होती आणि घरी येऊनही तपासणी थांबत नव्हती. गाडी घेतल्यापासून तिचं ॲव्हरेज हाच त्यांचा छंद आणि हाच धर्म. खडकीतल्या ठरलेल्या पंपावर टाकी तोंडापर्यंत भरायची, प्रवास करून यायचं, त्याच पंपावर पुन्हा तोंडापर्यंत भरायची आणि किती लिटर बसलं ते वहीत लिहायचं. वाटेत थेंब टाकायचा नाही, नाहीतर हिशोब बाटला. लांबच्या रस्त्यावर गाडी लिटरला वीस देते असं ते सांगत. खात्यातले लोक गालात हसत. म्हणून या खेपेला त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं की औरंगाबादला जाऊन परत येईन, तेही एका टाकीत.

पेट्रोलचा काटा आठ महिन्यांपूर्वीच अर्ध्यावर अडकून पडला होता. तो दुरुस्त करायची त्यांना गरज वाटली नव्हती. काटा अंदाज सांगतो, गुणाकार सत्य सांगतो, असं त्यांचं म्हणणं.

त्या सत्यासाठी बाकीच्यांनी सोसायचं. उघड्या खिडक्यांनी वारा अडतो म्हणून मे महिन्यात काचा बंद. पंचावन्नच्या वर वेग नाही. उतार लागला की गाडी न्यूट्रलला. हेमाच्या आईने दिलेली लोणच्याची बरणी आणि पायलीभर गहू वजन नको म्हणून तिथेच राहिले होते. म्हातारीने बरणी परत आत नेली तेव्हा हेमाला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

आणि आज मुलीची, तनयाची, मुलाखत होती. येरवड्याला एक सॉफ्टवेअर कंपनी पोरांची भरती करत होती. एक वाजता फाटक बंद होणार, नंतर आलेल्याला आत घेणार नाहीत, असं पत्रात ठळक छापलं होतं. कॉलेजातल्या साठ जणांतून सहाच नावं निवडली होती आणि त्यात हिचं होतं. पोरगी लग्नाला येतच नव्हती, हेमानेच मामाला वाईट वाटेल म्हणून ओढून आणली होती. आता ती मागच्या सीटवर सर्टिफिकेटांची फाइल मांडीवर घेऊन घाम पुसत बसली होती.

सांगून टाकावं, असं हेमाला नगरच्या पंपाजवळ पहिल्यांदा वाटलं. पण सांगितलं की काय होणार हे तिला तोंडपाठ होतं. आधी सुखदेवचा उद्धार, मग तिच्या अख्ख्या माहेराचा, आणि मग गाडी वळवून त्याला जाब विचारायला परत जायलाही हा माणूस कमी करायचा नाही. नगर गेलं. सुप्याला जीभ पुन्हा ओठांपर्यंत आली. "पाणी प्यायला थांबू या का पंपावर?" एवढंच ती म्हणाली. माधवरावांनी थांबून पुन्हा वेग घेण्यात किती पेट्रोल जळतं ते सविस्तर समजावलं. शिरूरही गेलं. तिने मनातल्या मनात गणित केलं. टाकी अठ्ठावीस लिटरची, म्हणजे पाचशे साठ किलोमीटर. मीटरच्या हिशोबाने खडकीला पोचून सव्वातीन लिटर उरणार. पण पैठणच्या शंभर किलोमीटरने पाच लिटर खाल्लेले, म्हणजे ते सव्वातीन गेलेच, वर पावणेदोन कमी. म्हणजे खडकीच्या पस्तीसेक किलोमीटर आधीच गाडी बंद पडणार होती.

शिक्रापूरचा पंप दिसला तेव्हा अकरा चाळीस झाले होते. 

"अहो, इथे पेट्रोल टाका. गाडी मीटरपेक्षा शंभर किलोमीटर जास्त चाललीय."

माधवराव हसले. मग तिच्या तोंडाकडे पाहून हसू विझलं. तिने सगळं सांगितलं. किल्ली, पैठण, केबल, राहिलेलं पेट्रोल, काही लपवलं नाही. गाडी त्यांनी पंपासमोर कडेला घेतली खरी, पण किल्ली फिरवून बंद केली नाही. खिशातून वही काढली, आकडे पाहिले, मीटर पाहिलं, पुन्हा वही पाहिली.

"सुखदेवला केबल काढता येते?" ते म्हणाले. "त्याला सायकलची चेन बसवता येत नाही. तुला वाटेतच पेट्रोल टाकायला लावायचंय, एवढंच. तुम्हा सगळ्यांना माझा हिशोब खोटा पाडायचाय."

हेमाला राग येईल असं वाटलं होतं, पण आधी नुसतं आश्चर्य वाटलं. तिने भावाची चोरी कबूल केली होती, स्वतःची केली होती, आणि तरी सत्तावीस वर्षांच्या बायकोपेक्षा त्या काचेमागच्या पाच आकड्यांवर या माणसाचा जास्त विश्वास होता. मग राग आला.

"तनया, फाइल घे. उतर."

"आई?"

"उतर म्हणते ना."

माधवराव म्हणाले की नाटकं पुरे झाली, गाडीत बसा, साडेबाराला येरवड्याला सोडतो. दोघी बसल्या नाहीत. त्यांनी दोन मिनिटं वाट पाहिली, मग गाडी हळूच, पेट्रोल वाया जाणार नाही अशा बेताने, पुढे काढली. तनया रडवेली झाली होती. बाबांचंच खरं असलं तर काय करायचं, असं ती विचारत होती. हेमा एसटीसाठी रस्त्याकडे बघत राहिली. आपलंच गणित चुकलं असेल तर पोरीचं नशीब आपल्या हाताने बुडवलं, हा विचार तिला सोडत नव्हता. एसटी यायला बारा मिनिटं लागली. ती बारा मिनिटं तिला जन्मात विसरता येणार नाहीत.

एसटी लोणीकंदच्या अलीकडे आली तेव्हा तनयाने तिचा दंड धरला. रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून गाडी उभी होती आणि माधवराव कंबरेपर्यंत आत वाकले होते. हेमाचा हात घंटीच्या दोरीकडे गेला. माणूस उन्हात एकटा होता आणि तिला त्याची कीव आली, अगदी गलबलून आलं. पण घड्याळात बारा दहा झाले होते. तिने हात खाली घेतला आणि तनयाला सर्टिफिकेटं पुन्हा एकदा मोजायला सांगितली.

एकला दहा कमी असताना तनया फाटकाच्या आत गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत हेमा उभी राहिली. मग सहा आसनी रिक्षाने वाघोलीला आली, किराणा दुकानातून रिकामा कॅन घेतला, पंपावर भरला आणि दुसरी रिक्षा करून लोणीकंदच्या पुढे गाडीपाशी उतरली.

माधवरावांनी वर्तमानपत्रावर प्लग काढून ओळीने मांडले होते. पॉलिश पेपरने ते एकेक घासत होते. हात कोपरापर्यंत काळे, शर्ट पाठीला चिकटलेला. टाकीत चार-पाच लिटर पेट्रोल असायलाच हवं, मग खोट दुसरीकडेच असणार, असा त्यांनी हिशोब लावला होता. टाकीचं झाकण त्यांनी उघडूनही पाहिलं नव्हतं.

"तनया?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"वेळेवर पोचली."

 हातातला प्लग त्यांनी कागदावर ठेवला, मग हेमाच्या हातातल्या कॅनकडे पाहिलं. चेहरा पार उतरला. उठून झाकण काढून त्यांनी कॅन टाकीत रिता केला. आत पेट्रोल पडल्याचा पोकळ आवाज आला. तो दोघांनीही ऐकला. मग त्यांचा काळा हात सवयीने खिशातल्या वहीकडे गेला.

"किती होतं?"

"मोजलं नाही," हेमा म्हणाली आणि आत बसून तिने खिडकीची काच पूर्ण खाली केली.