पोटातले दाखवणारा एप्रन

मी एक जुना एप्रन आहे. स्वयंपाकाचा नव्हे, शाळेचा. माझ्यावर हळदीचे डाग नाहीत. माझ्यावर माणसाचे पोट आहे.

मित्रांनो, पाथर्डी तालुक्यातल्या एका लहान गावात राजेश्वरी मॅडम विज्ञान शिकवतात. शाळेत मानवी शरीराचा पुतळा नव्हता, म्हणून त्यांनी जाड पांढरी चादर आणली आणि गावातल्या केशरबाईंकडून मला शिवून घेतले. फुप्फुसे गुलाबी स्पंजची, यकृत तपकिरी मखमलीचे, लहान आतडे परकराच्या नाडीचे. नाडी मॅडमनी मोजून सहा मीटर घेतली.

"कुना हत्तिनीचा परकर हाय का हा?" केशरबाईंनी विचारले. मॅडम हसल्या, पण वीतभरही नाडी त्यांनी कमी केली नाही.

प्रत्येक अवयव टिचबटणाने माझ्यावर बसतो. मॅडम मला गळ्यात घालून उभ्या राहत. मुले अवयव काढत आणि पुन्हा जागेवर लावत. सगळ्यांत खाली गर्भाशय होते, खणाच्या तुकड्याचे, मुठीएवढे, आणि त्याच्या दोन बाजूंना बदामाएवढी अंडाशये. विज्ञान प्रदर्शनात माझे फार कौतुक झाले. फक्त एका परीक्षकांनी मॅडमना बाजूला घेऊन सुचवले, की एवढे एक काढून ठेवा, पालकही बघायला येतात. मॅडमनी ते काढून माझ्या खिशात ठेवले. प्रदर्शन संपले तरी ते खिशातच राहिले. खालची जागा रिकामी का, हे कोणी विचारले नाही.

पुढच्या वर्षी शाळेत मांजर आले. सातवीतल्या जयमालाला ते रस्त्यावरच्या मोरीत सापडले होते. चहात बुडवलेला बटर त्याने आवडीने खाल्ला, म्हणून त्याचे नाव बटर. वर्गाने या मांजरीला दत्तक घेतले आणि दूध कोणी कधी आणायचे याची पाळी फळ्यावर लिहिली. बटरने माझे फार हाल केले. एकदा माझे मूत्रपिंड पळवून तांदळाच्या पोत्यामागे लपवले. एकदा आतड्याचे टोक धरून ती चार बाकांखालून फिरली आणि शेवटी स्वतःच त्यात गुरफटून ओरडत बसली. तिला सोडवायला अर्धा तास गेला. तरी मला राग आला नाही. वर्ग इतका हसलेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

आश्विनात बटरचे पोट फुगले. मुलांनी ठरवले की तिला अपचन झाले आहे. त्यांनी दूध बंद केले आणि तिला ओव्याचे पाणी पाजायचा प्रयत्न केला. सम्राट नावाच्या मुलाच्या हातावर ओरखडे उठले, तेव्हा मॅडमना सगळे कळले.

त्या दिवशी मॅडमनी माझ्या खिशात हात घातला आणि गर्भाशय जागेवर लावले. त्या म्हणाल्या, की अन्न जठरात असते, पिल्ले जठरात नसतात. ती इथे वाढतात. मांजरीचे गर्भाशय दोन फाट्यांचे असते, बाईचे असे असते. मागच्या बाकावर कोणीतरी खुसखुसले. मग जयमाला उभी राहिली.

"मॅडम, ही पिशवी माझ्या आईची काढायची हाय. टोळी निघायच्या आदी."

मॅडमनी तिला सुट्टीत जवळ बोलावले.

जयमालाचे आईवडील ऊसतोडीला जात. दिवाळीनंतर टोळीबरोबर ते निघाले, की ती शाळेच्या हंगामी वसतिगृहात राहत असे. तिची आई भागिरथीबाई एकोणतीस वर्षांची होती. ओटीपोट दुखते, अंगावरून पांढरे जाते, म्हणून ती एका डॉक्टरकडे गेली होती. पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल, असे तिला सांगितले गेले. टोळीतल्या बायकाही म्हणाल्या, की दोन लेकरे झाली, आता पिशवीचा काय उपयोग? उसाच्या फडात दर महिन्याचा त्रास तरी टळेल.

शनिवारी मॅडमनी तिला बोलावून घेतले. भागिरथीबाईंनी खणाचे गर्भाशय तळहातावर घेतले आणि उलटेपालटे करून पाहिले.

"एवढुशीच आसती व्हय? मला वाटलं, पोटभर आसंल."

मॅडमनी समजावले. असा त्रास पुष्कळदा गोळ्यांनी बरा होतो. आधी तपासणी हवी. या दोन बदामांमुळे हाडे बळकट राहतात. ती उगाच काढायची नसतात. सोमवारी दोघींनी नगरच्या सरकारी दवाखान्यात जायचे ठरले. भागिरथीबाईंनी मान डोलावली.

रविवारी मॅडमना प्रशिक्षणाचा आदेश आला. त्यांनी निरोप पाठवला, की पुढच्या सोमवारी जाऊ.

गुरुवारी टोळीतल्या दोघी जीपने ऑपरेशनला निघाल्या. सोबत मिळाली म्हणून भागिरथीबाईही गेल्या. पुढच्या सोमवारी तपासण्यासारखे काही उरले नव्हते. अंडाशयेही काढली होती. ऑपरेशननंतर विसाव्या दिवशी टोळीचा टेम्पो निघाला.

बटरला तीन पिल्ले झाली आणि मोठी होऊन ती चांगल्या घरी गेली. तिला सारखी सारखी पिल्ले होऊ नयेत, म्हणून मॅडमनी जनावरांच्या डॉक्टरकडून तिचेही ऑपरेशन करून घेतले. डॉक्टरांनी बजावले, की दहा दिवस तिला उडी मारू द्यायची नाही, ऊब द्यायची, टाक्यांवर लक्ष ठेवायचे. खोक्यात तिच्या अंगाखाली मलाच घडी करून अंथरले होते. मुलांनी पुन्हा फळ्यावर पाळ्या लिहिल्या. खिडकीजवळचे बाक हलवले. सगळ्यांत जास्त वेळ जयमाला बसत असे.

दहाव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, जखम छान भरली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. जयमालाने वाजवल्या नाहीत. आदल्या संध्याकाळी आईचा फोन आला होता. कंबर धरते, मधूनच अंगातून वाफा निघतात, उसाची मोळी उचलताना डोळ्यांपुढे अंधारी येते, असे आई म्हणाली होती.

"मॅडम, बटरला आपन दहा दिवस उडी मारू दिली न्हाई," जयमाला हळू आवाजात म्हणाली. "माझी आई इसाव्या दिवशी टेम्पोत बसली. जाऊन लगेच मोळी डोक्यावर घिऊन ट्रकच्या फळीवर चढली. तिला कोनीच कसं सांगितलं न्हाई?"

मॅडम जयमालाशेजारी फरशीवर बसल्या.

चैत्रात टोळी परतली. सुट्टीत जयमालाने मला मागून घेतले आणि वस्तीवरच्या बायकांना माझ्यावरचा एकेक अवयव दाखवला. घरी तिने भिंतीवर खडूने पाळ्या लिहिल्या: पाणी बाबांनी भरायचे, भाकरी तिने करायच्या, भांडी भावाने घासायची. आईच्या नावापुढे लिहिले, 'दहा दिवस पडून राहणे.'

"मी काय मांजर हाय का गं?" म्हणत भागिरथीबाई हसल्या. मग भिंतीकडे तोंड करून खूप वेळ रडल्या. मी खुंटीवर होतो. मला ते ऐकू येत होते.

भागिरथीबाई दहा दिवस पडून राहिल्या. कंबरदुखी थांबली नाही. ती आता थांबेल असे मॅडमही म्हणत नाहीत.

मित्रांनो, तुमच्या पोटात काय काय आहे, ते नावाने ओळखा. ते विचारताना लाजू नका. आणि घरात आई, ताई, आजी पोट धरून बसलेली दिसली, तर त्याच दिवशी तिच्याबरोबर दवाखान्यात जायला कोणीतरी मोठे माणूस शोधा. सोमवारपर्यंत थांबू नका.